तीनशे वीस जीबीची मोजणी

ज्या माणसाने छत्तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून दिल्या, त्याच्यासमोर ‘पार्टिशन’ हा शब्द काढू नये, एवढं साधं व्यवहारज्ञान चैतालीला असतं तर त्या दहा दिवसांतले निदान चार दिवस वाचले असते. पण सलिल आठ महिन्यांचा होता, आणि आठ महिन्यांच्या मुलाच्या आईकडे व्यवहारज्ञान सोडाच, दोन्ही पायांत एकाच जोडीच्या चपला असतील याचीही खात्री नसते.

तिचे वडील कचरूराव भूमी अभिलेख खात्यातून मोजणीदार म्हणून निवृत्त झाले होते. येरवड्यातलं घर बंद करून ते आणि आई राधाबाई खराडीत चैतालीच्या फ्लॅटवर राहायला आले होते, कारण बाबांच्या घशात गाठ निघाली होती आणि दहा दिवसांनी त्यांचं स्वरयंत्र काढायचं होतं. थोडं नाही, अर्धं नाही, सगळं. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. “हद्द कायम आहे का?”

डॉक्टरांनी चैतालीकडे पाहिलं.

“गाठ पसरलीय का, असं विचारतायत,” चैताली म्हणाली.

“नाही, पसरलेली नाही.”

“मग ठीक,” बाबा म्हणाले आणि पिशवी उचलून उभे राहिले. जसं काही दुसऱ्याच कुणाच्या शेताचं काम होतं.

ऑपरेशननंतर माणसांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडम त्याच दिवशी, शनिवारी, भेटल्या. त्यांनी साडेतीनशे वाक्यांची छापील यादी दिली. ही वाक्यं बाबांनी वाचायची, ती रेकॉर्ड करायची. त्यावरून कॉम्प्युटर आवाजाचा नमुना बनवतो, आणि मग पुढे काहीही टाइप केलं तरी ते बाबांच्याच आवाजात ऐकू येतं. अटी दोन. घसा दिवसाला अर्ध्या तासाच्या वर चालवायचा नाही, म्हणजे फार तर पन्नास वाक्यं. आणि ते सॉफ्टवेअर फक्त लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं.

“फोनमध्ये घे की,” राधाबाई म्हणाल्या.

“आई, फोनवर नाही होत ते.”

“सगळं तर होतं. परवा सुंदराबाईंच्या नातीचा साखरपुडा झाला फोनवर.”

चैतालीने कपाट उघडलं. सलिल व्हायच्या आधी ती खराडीतल्याच एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची, आणि अशा बाईला आईने फोनमध्ये घे म्हणून सांगणं हा अपमान होता. कपाटात तिचा कॉलेजातला लॅपटॉप होता. तीनशे वीस जीबीची डिस्क. बॅटरी मेलेली, पण चार्जर लावला की चालणारा. त्यावर लिनक्स टाकायचं. घरात वेळ मोजायचं एकक तेव्हा सलिलची झोप हे होतं, आणि हे काम तिने एका झोपेचं धरलं. साडेतीनशेला सात दिवस. हाताशी तीन दिवस जास्तीचे.

नवरा प्रज्ञेश ऑफिसला निघताना म्हणाला, “काही लागलं तर सांग.” हे तो रोज म्हणत असे. मनापासून म्हणत असे. मग लिफ्ट येत असे.

रविवारी सलिल झोपला आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, की डिस्कची विभागणी कशी करायची. चैताली तो मोठ्याने वाचून बसली.

शेजारी बाबा बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालत होते. त्यांनी हातातली घडी ठेवली, चष्मा चढवला.

“काय विचारतंय?”

“पार्टिशन कसं करायचं, ते.”

“क्षेत्र किती?”

“तीनशे वीस.”

बाबांनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं. “इथं दोनशे अठ्ठ्याण्णव लिहिलंय.”

चैतालीने समजावलं, की डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसने, म्हणून तेवढा फरक पडतो.

“म्हणजे विकायचा फूट वेगळा आणि मोजायचा वेगळा,” बाबा म्हणाले. “बिल्डरच आहे की. नकाशा काढल्याशिवाय एक खुंटी ठोकू नकोस.”

आणि त्यांनी स्वतः पेन्सिल घेतली. इथे चैतालीने त्यांना थांबवायला हवं होतं. पण महिनाभरात बाबांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं. ती थांबवू शकली नाही. सलिल उठला.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा विक्रम भेटला. विक्रमच्या घरात एक गादी, एक कढई आणि दोन कप आहेत, आणि दुसरा कपही त्याला अधूनमधून टोचतो. “एकच पार्टिशन, चैताली. सिंपल. बूटलोडरसुद्धा नको. मशीन चालू झालं की थेट सिस्टिम. बूटलोडर म्हणजे काय, तर वॉचमन. तुझ्याच घरात जायला तू वॉचमनला विचारणार?”

“आणि लाइट गेल्यावर दार दाखवणार कोण?” मागून बाबांनी विचारलं. आवाज खरखरीत, पण स्वच्छ.

“अंकल, दार एकच असेल तर दाखवायचं काय त्यात?”

बाबांना हे उत्तर आवडलं. त्यांनी विक्रमला दहा मिनिटं दाराविषयी सांगितलं. चैताली घड्याळाकडे बघत राहिली. रोजच्या तीस मिनिटांतली ती दहा होती.

सोमवारी पाचव्या मजल्यावरची ऋतुजा येऊन बसली. ती घरून मोठमोठ्या कंपन्यांची सर्व्हर सांभाळते. तिच्या स्वयंपाकघरात डबे आहेत, डब्यांवर नावं आहेत आणि पुढे घ्यायच्या डब्यांसाठी रिकामी फळी आहे, तिच्यावरही नाव आहे. “एकच पार्टिशन?” ती म्हणाली. “अगं, उद्या सिस्टिम बिघडली तर आवाज पण जाईल सगळा. सिस्टिम वेगळी, होम म्हणजे आपल्या फाइल्सचं घर वेगळं, लॉग वेगळे, डेटा वेगळा. लवचीक ठेवायचं. कधीही कुठली भिंत सरकवता येईल असं.”

“सरकती भिंत?” बाबा सरसावले. “अहो बाई, सरकत्या बांधापायी कोर्टात तीन पिढ्या जातात.”

“काका, यात कोर्ट नसतं.”

“तेच तर वाईट.”

पंचवीस मिनिटं. त्यांनी पोटहिस्से समजावले, सामाईक विहीर समजावली, प्रत्येक गटाला वहिवाटीचा रस्ता हवा हे तीन उदाहरणांनी सिद्ध केलं. ऋतुजा नोंदी घेत होती. शेवटी बाबा खोकायला लागले आणि राधाबाईंनी कोमट पाणी आणून समोर ठेवलं. “आजचा कोटा संपला,” त्या म्हणाल्या. “वाक्यं किती झाली?”

शून्य झाली होती.

मंगळवारी चैतालीने विक्रमचं ऐकलं, कारण ते पटकन होणारं होतं. एकच पार्टिशन, मधे वॉचमन नाही. सलिलच्या एका झोपेत काम झालं आणि लॅपटॉप अकरा सेकंदांत चालू झाला. चैतालीला स्वतःचा इतका अभिमान वाटला की तिने आरशात जाऊन केस विंचरले. माइक लावला. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसले, कारण सरकारी कामाला त्याशिवाय बसायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी यादी हातात घेतली, आणि बेल वाजली.

सोसायटीचे चेअरमन संपतराव होते. ज्या जमिनीवर ही इमारत उभी आहे ती त्यांच्या घरची. पाहुण्याच्या आजारपणाचं कळलं म्हणून भेटायला आले होते, हातात पपई होती. बसले, घशाची चौकशी केली, उसासा टाकला आणि म्हणाले, “सायेब, वळकलं न्हाई का? चौऱ्याण्णव साली तुमी आमची मोजणी केली व्हती. दीड फूट बांध सरकवला तुमी आमचा.”

चैतालीने डोळे मिटले.

“सरकवला नाही,” बाबा म्हणाले. “तुमच्या वडिलांनी सरकवला होता. मी जागेवर आणला.”

“आता वडील न्हाईत म्हनून…”

“हद्दीचा दगड आहे ना? दगड जागच्या जागी आहे, संपतराव.” बाबांनी यादी मांडीवर ठेवली. “चैत्र महिना होता. चार तास उन्हात उभा होतो, चार तास. माझ्या शिपायाला विचारलं पाणी. मला कुणी विचारलं नाही. आडनाव आधीच विचारून झालं होतं. तरी दगड एक इंच इकडे नाही की तिकडे नाही.”

 संपतराव पपईकडे बघत राहिले. मग टेबलावरचा तांब्या त्यांनी स्वतः उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला बाबांसमोर धरला.

“घ्या,” ते म्हणाले. “घसा सुकला आसंल.”

बाबा पाणी प्यायले. एकेक घोट, दुखत होतं तरी सगळं. संपतराव गेल्यावर ते म्हणाले, “आज नको वाचायला.” त्यांचा आवाज अगदी तळाला गेला होता.

बुधवारी मात्र सत्तेचाळीस वाक्यं झाली. ती यादी कुठल्या विद्वानाने केली होती देव जाणे. ‘आज हवामान आल्हाददायक आहे.’ ‘माझ्या पुतण्यास सतार वाजवणे आवडते.’ ‘कृपया मला नौकाविहारास न्यावे.’ बाबा प्रत्येक वाक्य पंचनामा वाचून दाखवावा तसं वाचत. “पुतण्या मला नाही,” ते मधेच म्हणाले.

“बाबा, नुसतं वाचायचं.”

“खोटा जबाब आहे हा.”

पण वाचलं. दर वाक्यागणिक पडद्यावर हिरवी खूण येत होती. पाळण्यात सलिल आजोबांचा आवाज ऐकत पाय झाडत होता. हा आवाज राहणार होता. त्याला आठवायला लागेल तेव्हा हा आवाज असणार होता. बाकी काही राहो न राहो.

गुरुवार उजाडला. गुरुवारी लाइट जाते, हे पुण्यात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. चैताली विसरली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. दहाच्या ठोक्याला लाइट गेली आणि लॅपटॉप मिटला. सोसायटीचा जनरेटर होता, पण तो लिफ्टसाठी. एक वायर आमच्या घरात द्या म्हणून ती संपतरावांकडे गेली. संपतरावांना द्यायची होती. मंगळवारपासून ते काहीतरी द्यायला निमित्त शोधत होते. पण सेक्रेटरी म्हणाले अर्ज द्या, मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होती. “नियम तुमीच केलाय, चेअरमन,” सेक्रेटरींनी आठवण करून दिली.

तीन वाजता लाइट आली आणि लॅपटॉप चालू झाला. काळ्या पडद्यावर एक ओळ: सुरू करण्याजोगं काहीही सापडलं नाही. तारीख एक जानेवारी दोन हजार बारा. सिस्टिम कुठे ठेवलीय हे त्या मशीनच्या आठवणीत लिहिलं होतं, आणि आठवण राखणारी आतली बारीकशी बॅटरीही मेलेली होती. दार एकच होतं, आणि ते कुठे आहे हे सांगायला कुणी नव्हतं.

“वॉचमन,” बाबा एवढंच म्हणाले. बोट उचलून.

विक्रमला फोन केला. तो म्हणाला, “हां, जुन्या मशीनला होतं कधीकधी असं.” विक्रमच्या बोलण्यातही मोजकंच सामान असतं.

ऋतुजा धावत आली आणि ‘मी म्हटलं होतं’ हे तीन शब्द तिने तोंडाने काढले नाहीत, फक्त चेहऱ्यावर ठेवले. सत्तेचाळीस वाक्यं डिस्कवर सुखरूप होती. पेनड्राइव्हवरून तात्पुरतं लिनक्स चालू करून चैतालीने ती काढली. एफ-बारा दाबून कुठून सुरू करायचं ते निवडायचं. त्या आठवड्यात तिने ते बटण इतक्यांदा दाबलं की त्यावरचा आकडा पुसट झाला. फाइल्स काढून तिने डेस्कटॉपवर ठेवल्या, ओळीने, नीट. सलिल रडायला लागला. एका कडेवर तो, एका हाताने माऊस, अशी ती ऋतुजा सांगेल तसं दाबत गेली. डिस्क पुसली. पाच पार्टिशन्स पडली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, आणि मग तिच्या लक्षात आलं की तात्पुरत्या लिनक्सचा डेस्कटॉपही तात्पुरताच असतो. पाटीवरच्या खडूसारखा. मशीन बंद झालं की पुसला.

तिने सलिलला खाली ठेवलं. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून बाबा म्हणाले, “पुतण्या गेला वाटतं सतारीसकट.”

“बाबा, हसू नका.”

“मी हसतोय का?” ते म्हणाले. आणि खरंच, ते हसत नव्हते. चैतालीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथे होता.

शुक्रवारी पन्नास वाक्यं झाली, शनिवारी पंचावन्न. हिरव्या खुणा येत राहिल्या. ऋतुजाची पाच पार्टिशन्स पाच वाफ्यांसारखी पडद्यावर रंगीत दिसत. बाबांचा आवाज मात्र रोज एकेक पायरी उतरत होता. शनिवारी दुपारी ‘कृपया’तला ‘कृ’ निघेना. एकशेपाचला थांबले. सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी ऑपरेशन. अजून शंभर होतील, आणि तेवढ्यावर कामापुरता नमुना बनतो, असं अपेक्षा मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या.

चार वाजता हॉस्पिटलातून फोन आला. बेड रिकामा झालाय. उद्या सकाळी आठला या, सोमवारी पहिलं ऑपरेशन तुमचंच. त्या मुलीचा आवाज असा होता की जणू लॉटरी लागली. आज रात्रीपासून आवाजाला पूर्ण विश्रांती, हेही तिने सांगितलं.

चैताली एकशेपाच फाइल्स दुसरीकडे उतरवून घ्यायला बसली. या वेळी पेनड्राइव्ह दुसरा होता, नीट नाव लिहिलेला. तिने फाइल्स उघडल्या. पहिली तीन वाक्यं होती. चौथ्या फाइलचा आकार शून्य. पाचवी शून्य. एकशेपाचावी शून्य.

ते सॉफ्टवेअर पहिल्याच दिवशी स्वतःचं दहा जीबी सामान होममध्ये ओतून बसलं होतं, आणि ऋतुजाने होमला दिले होते दहा. चौथ्या वाक्यापासून आत जागाच नव्हती. हिरवी खूण फक्त एवढंच सांगत होती, की माणूस बोलला. ते कुठे ठेवलं, हा तिचा प्रश्न नव्हता. शेजारच्या डेटाच्या वाफ्यात दोनशे जीबी ओसाड पडले होते, पुढे कधी सलिलचे फोटो ठेवायला.

“वाढवता येतं गं होम,” ऋतुजा फोनवर म्हणाली. ती बावधनला लग्नात होती, मागे सनई होती. “पण आधी डेटा कमी करावा लागेल. आणि डेटा… थांब हं… त्या प्रकारचा असेल तर वाढतो, कमी नाही होत. सॉरी गं.”

मग लॅपटॉप पुन्हा चालू केला तर तो आतच घेईना. आत यायलाही थोडी जागा लागते.

चैतालीने हे सगळं बाबांना सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, आणि लपवण्याइतकी ताकदही नव्हती. ती चुका शोधायचं काम करणारी बाई होती. पाच दिवसांत ती एकदाही फाइल उघडून ऐकायला बसली नव्हती. नकाशाच बघत राहिली होती.

बाबांनी ऐकून घेतलं. “दोनशे पडीक,” ते हळू म्हणाले, “आणि माणूस दहात गुदमरला.” मग पेन्सिल मागितली. “पूस सगळं. एकच हिस्सा टाक, शंभराचा. दारावर तो वॉचमन ठेव.”

“आणि बाकीचे?”

“बाकी कुणाच्याच नावावर नको. गायरान. गावाला लागतं.”

चैताली पुसत होती तेव्हा ते मोजणीच्या जुन्या वहीत काहीतरी लिहीत होते. काम झालं, माइक लागला. राधाबाईंनी छापील यादी पुढे केली. बाबांनी ती उलटी ठेवली.

“ती वाक्यं माझी नाहीत. मी आयुष्यात नौकाविहार म्हटलेलं नाही.” त्यांनी वही दाखवली. “मला बोलायला लागतं ते एवढंच. अकरा.”

“बाबा, अकरा वाक्यांवर नमुना नाही बनत. मग तुम्हाला हवं ते बोलता येणार नाही पुढे. फक्त ही अकराच…”

“आवाज किती उरलाय?” त्यांनी विचारलं. “वीस मिनिटं? मग वीस मिनिटांचाच नकाशा काढायचा.” लॅपटॉपच्या वरच्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं. फोनचा पडदा त्यांचं बोट ओळखत नसे. छत्तीस वर्षं मोजणीची साखळी ओढून बोटांच्या रेघा गेलेल्या होत्या. ही बटणं मात्र दाबली जात. “एकेक वाक्य एकेका बटणावर ठेव.”

“बारा आहेत बाबा. एफ-बारा शिल्लक राहतं.”

“ते रस्त्याला.”

तिला वाटलं ते दमलेत. 

ते एकेक वाक्य बोलले. ‘चार्जर लावला का.’ ‘भाजीत मीठ कमी आहे.’ ‘पंखा बंद करा.’ ‘दगड जागच्या जागी आहे.’ ‘माझा चष्मा कुणी हलवला.’ ‘ए सलिल, जागेवर बस.’ अकराव्याला आवाज फाटला, पण ते पुरं झालं. चैतालीने या वेळी प्रत्येक फाइल उघडून ऐकली. होती. सगळी होती. मग बाबांनी ओठांवर बोट ठेवलं, कारण संध्याकाळ झाली होती आणि हॉस्पिटलने सांगितलं होतं विश्रांती. ‘ए सलिल’ हे त्यांचं शेवटचं बोलणं नव्हतं; शेवटचं होतं ‘माझा चष्मा कुणी हलवला’, कारण ते दोनदा घ्यावं लागलं. चैताली आजही हे कुणाला सांगत नाही.

ते सतरा दिवसांनी घरी आले. गळ्याच्या मधोमध श्वासाचं भोक, नाकातून अन्नाची नळी. लॅपटॉप जेवणाच्या टेबलाशी ठेवला होता, चार्जर लावून. पहिल्याच दिवशी राधाबाईंनी नळीतून गाळलेलं डाळीचं पाणी सोडलं आणि बाबांनी एफ-तीन दाबलं.

“भाजीत मीठ कमी आहे,” लॅपटॉप म्हणाला.

“अहो, नळीतून जातंय ते! चव कुठून कळली तुम्हाला?”

“भाजीत मीठ कमी आहे.”

संपतराव रोज संध्याकाळी येत. बसत, एक तांब्या पाणी भरून टेबलावर ठेवत, कोण पिणार हे न विचारता. बाबा एफ-पाच दाबत. “दगड जागच्या जागी आहे.” “हाय, सायेब, हाय,” संपतराव म्हणत. दोघांचं यात तासभर सहज जाई.

सलिलचं मात्र नीट जमलं नाही. एफ-सात दाबलं, की तो रांगत यायचा, लॅपटॉपच्या मागे जाऊन बघायचा, टेबलाखाली बघायचा. आजोबा दीड हातावर बसलेले असायचे, हात पुढे करून. तो त्यांना ओलांडून आवाज शोधायचा. बाबांनी ते चारपाच वेळा पाहिलं आणि मग एफ-सात दाबायचं सोडलं.

आणि राधाबाई एक दिवस ताट पुसतापुसता म्हणाल्या, तशा कुणाला उद्देशून नाही, “अकरा वाक्यं निवडली माणसानं. चार्जर आहे, पंखा आहे, त्या चेअरमनचा दगडसुद्धा आहे. पस्तीस वर्षं स्वयंपाक केला. एक बरं वाक्य नाही माझ्या वाट्याला.” बाबांचं बोट बटणांवरून डावीकडून उजवीकडे गेलं, उजवीकडून डावीकडे आलं. तिथे खरंच काही नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

दर मंगळवारी ते अपेक्षा मॅडमकडे जात. नवीन आवाज म्हणजे काय, तर हवा गिळायची आणि ढेकरासारखी वर आणून तिलाच शब्द करायचा. महिनाभर नुसता आवाज आला, शब्द नाही. बाबा बेडरूमचं दार लावून सराव करत. बाहेर ऐकणाऱ्याला वाटावं की मोरीचं पाणी तुंबलंय. विक्रमने खालून एकदा फोन करून प्लंबरचा नंबर दिला.

साडेचार महिन्यांनी, एका दुपारी, आता तोंडाने जेवायला लागलेले बाबा पहिला घास खाऊन थांबले. दोडक्याची भाजी होती. राधाबाईंचा खराडीच्या भाजीवाल्यावर विश्वास नाही, त्या मंडईत जाऊन दोडके घेऊन आल्या होत्या. बाबांनी चैतालीला खूण केली. माइक. मग बोट ठेवलं एफ-बारावर. आकडा पुसट झालेलं, आजवर मोकळं ठेवलेलं बटण.

चैतालीने माइक पुढे केला. मांडीवरचा सलिल माइकच्या दिशेने झेपावला, तिने त्याला धरून ठेवलं. बाबांनी हवा गिळली. एकदा आलं नाही. दुसऱ्यांदा नुसताच ढेकर आला. तिसऱ्यांदा कुठूनतरी खोलातून, दगड सरकावा तसा, एक कुरूप, फाटका आवाज वर आला.

“भाजी… बरी… झाली.”

सलिल वळला. त्याने लॅपटॉपकडे पाहिलं नाही. आजोबांच्या गळ्याकडे, मग तोंडाकडे पाहिलं, आणि बोट केलं. इथे.

चैतालीने फाइल एफ-बारावर ठेवली, उघडून ऐकली. होती.

 राधाबाईंनी बाबांच्या ताटातली चिमूटभर भाजी उचलून तोंडात टाकली, चावली, आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “खोटं बोलताय. मीठ घालायचंच राहिलंय यात.”

बाबांनी एफ-तीनवर बोट ठेवलं. क्षणभर तसंच ठेवलं. मग उचललं, आणि एफ-बारा दाबलं.